व्याह्यांचे चौकोन

अहो,

मी कामावर निघाले. कंप्युटर बंद करू नका, चिनी फॉन्ट उतरतोय.

व्याही सहा महिने आपली थट्टा करायला चौकोन पाठवत नव्हते. ते बिचारे त्यांच्या भाषेत पत्रं लिहीत होते. चिनी अक्षरं आपल्याच कंप्युटरमध्ये नव्हती, म्हणून त्यांच्या जागी चौकोन दिसायचे, असं दुरुस्तीवाल्यांनी सांगितलं. आणि तुम्ही त्या रागात लेकीचा फोन घेणंही सोडलंत!

तुम्ही पुसलेली सगळी पत्रं मी परत काढलीत. चिनी शिकवणाऱ्या बाई पाच वाजता वाचून दाखवायला येतील. तेव्हा फिरायला सटकू नका, मी तुम्हाला ओळखून आहे.

उत्तर आजच जाईल आणि ते तुम्हीच लिहायचं. माफी मराठीत मागा, त्या बाई चिनीत करून देतील.

लेकीला फोन करायला मात्र दुभाष्या लागत नाही.