एक कॉलेज आणि दोन 'मुख्य परिसर'

तीर्थरूप बळवंतकाका,

लवूचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त बसल्या बसल्याच). गावी तुमचा गुडघा आणि काकीचा रक्तदाब ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इथे आमचं सरकारी कॉलेज सोडलं तर सगळ्यांची प्रकृती उत्तम.

तुम्ही विचारलं होतं, एका कॉलेजला दोन प्राचार्य कशाला. काका, एवढी विद्वत्ता एका खुर्चीत मावत नाही, म्हणून. बोरीवलीला चंद्रप्रकाश सर, मुलुंडला अनुपमा मॅडम. हेडक्लार्क मात्र एकच, अस्मादिक. बोरीवलीची इमारत इतकी जुनी की छताचं प्लास्टर पडलं की मगच वर्गातली मुलं जागी होतात. मुलुंडची कोरी, सातमजली, लिफ्टसकट (म्हणजे लिफ्टची जागा आहे, लिफ्ट तेवढी यायची आहे). 'मुख्य परिसर' ही पाटी दोन्हीकडे.

आता गोराईची कल्पिता. कोळ्यांची हुशार पोर, शेवटचं वर्ष. तिचा विभाग वर्षाच्या मध्येच उचलून मुलुंडला नेला, परीक्षा मात्र बोरीवलीला ठेवली. हॉल तिकिटावर सही हवी 'मुख्य परिसराच्या प्राचार्यांची'. सर म्हणाले, मुख्य म्हणजे मुलुंड. मॅडम म्हणाल्या, छे, मुख्य बोरीवलीच (सही केली की जबाबदारी येते ना!). तीन आठवडे ती माझ्या खिडकीशी येत होती आणि मी "उद्या बघू" म्हणत होतो. शेवटी तिथेच रडली. मी फाइलमागे तोंड लपवलं, काका. तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

पेपरच्या आदल्या दिवशी मुलुंडच्या इमारतीचं उद्घाटन होतं. तिथे दोघंही अचानक मुख्य झाले आणि फितीपुढे दोन कात्र्या घेऊन उभे राहिले. प्रमुख पाहुणे घड्याळ बघतायत. कल्पिताची आई अंजनाबाई बाजार टाकून आली होती. तिने मला विचारलं, "यातला मोठा साहेब कोन?" म्हटलं, बाई, तेच तर ठरत नाहीये. ती पोरीचं हॉल तिकीट घेऊन तडक स्टेजवर गेली आणि माइक घेतला.

"जो माज्या पोरीच्या कागदावर सही करील तो मोठा साहेब. त्यानंच फीत कापायची!"

मुलांनी शिट्ट्या मारल्या. सरांनी माझ्या खिशातलं पेन ओढलं, मॅडमनी पाहुण्यांचं. दोन सह्या एकमेकींच्या उरावर बसल्या. पाहुण्यांना पुढचा कार्यक्रम होता, त्यांनी हाताला लागेल ती कात्री घेतली, फीत कापली आणि निघाले. मी दोन्ही परिसरांचे शिक्के मारले.

दुसऱ्या दिवशी दोन सह्या, दोन शिक्के बघून पर्यवेक्षकाला वाटलं, ही कुणातरी बड्या माणसाची मुलगी असणार. त्याने तिला प्लास्टर शाबूत असलेल्या कोपऱ्यात बसवलं. पेपर झकास गेला. अंजनाबाईंनी मला ताजे बोंबील धाडले (सरकारी माणसाने भेट घेऊ नये हे आठवलं, पण तोवर तळून झाले होते). दोन्ही प्राचार्यांचं प्रथमच एकमत झालं आणि मला मेमो मिळाला.

काकीला नमस्कार.

तुमचा,
लवू

ता. क. मेमोचा निकाल लागला. दिंडोशीला तिसरा परिसर मंजूर झालाय, शिक्षा म्हणून त्याचा प्रभार माझ्याकडे. इमारत नाही. तुमची दिंडोशीची खोली कुलूपबंदच असते ना? चावी धाडा. शिकवायचं काही नाही, पाटी लावायची आहे.

आणखी एक. पाकिटावर 'माननीय प्रभारी' असं लिहा. नुसतं 'लवू' लिहिलंत तर मला ते स्वीकारता येणार नाही.