उणे अठराचा माणूस

२ डिसेंबर, सकाळी
ठरलं. जानेवारीत आम्ही चौघं स्कीइंगला. थोरली तीन वर्षं मागे लागली होती. आता बारा वर्षांची झाली, आणखी दोन वर्षांनी आईबापाबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानातही यायची नाही, असं बायको म्हणाली. हो म्हणून टाकलं.
प्रश्न फक्त कपड्यांचा. तोही इतरांना पडणारा. मी सोळा वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहे. मासळी आणि मटार, उणे अठरा अंश. थंडीबद्दल मला कोणी शिकवू नये.
संकल्प: एकही गरम कपडा विकत घ्यायचा नाही.

४ डिसेंबर
मेहुणी येऊन गेली. ती आणि साडू दोनदा बर्फात जाऊन आलेत, त्यामुळे त्यांच्याआधी जगात कोणी बर्फ पाहिलेला नाही. तिचा सल्ला: सूट तिथे भाड्याने मिळतात, ते घ्या. हातमोजे मात्र विकत घ्या, चांगले, वॉटरप्रूफ. तिथे कंजूषी नको.
मी शांतपणे विचारलं की साडूसाहेब रोज किती अंशात काम करतात. ते बँकेत असतात. एसी चोवीसवर. विषय संपला.
ती गेल्यावर बायको म्हणाली की तुम्ही तरी कुठे आत असता, केबिनमध्ये हीटर लावून तर बसता. हे अर्धसत्य आहे. मी दिवसातून दोनदा रजिस्टर घेऊन आत जातो.

७ डिसेंबर
थोरलीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे. तिची बोटं गार पाण्यात गेली की खडूसारखी पांढरी पडतात, म्हणून बायकोचा आग्रह. बाई म्हणाल्या की काहीजणांच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या थंडीत जरा जास्तच आवळतात. जायला हरकत नाही, पण हात कोरडे आणि गरम हवेत, आणि बधिर वाटले की त्या क्षणी आत यायचं. हे दोनदा सांगितलं. डॉक्टर लोकांना सगळं दोनदा सांगायची सवय असते.
थोरलीचा चेहरा उतरला होता. आता बेत रद्द होणार असं वाटलं असावं. जिन्यात मी तिला सांगितलं, तुझा बाप उणे अठराचा माणूस आहे, तुझ्या बोटांची जबाबदारी माझी. तिने लगेच मान हलवली. माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास आहे. घरात तिचा एकटीचाच.

१० डिसेंबर
कामगिरी फत्ते. आमच्या लोडिंगवाल्यांचे फ्रीझर सूट दर पाच वर्षांनी बदलतात. जुने मोडीत काढायला पडून होते. स्टोअरकीपरला सांगून चार घेतले. जाकीट आणि पँट, जाड, निळे, आत भरपूर भरण. शिवाय डझनभर हातमोजे: विणलेले, सुती, तळव्यावर रबरी ठिपके. हे घालून आमची माणसं उणे अठरात खोकी उचलतात. साडूने जेवढ्यात एक जाकीट घेतलं, तेवढ्यात आमच्या सात पिढ्या झाकल्या जातील.
स्टोअरकीपरने विचारलं की हे कशाला. रिसर्च, म्हणालो.

१२ डिसेंबर
सूटना थोडा वास आहे. मासळीचा. बायकोने ते गॅलरीत फेकले. दोनदा धुतले. आता साबण लावलेल्या मासळीचा वास येतो. थंडीत वास येत नाही, हे मी तिला शास्त्रीयदृष्ट्या समजावलं. ती म्हणाली की मांजरींनाही समजावा. गॅलरीत तीन होत्या.

१५ डिसेंबर
मुलांचे सूट लहान करायला शिंप्याकडे. शिंपी नाकाने कांदे सोलत होता. म्हणे, कापल्यावर नव्या शिवणीतून पाणी आत जाईल. मी विचारलं, बर्फात पाणी आलं कुठून? सोळा वर्षांत आमच्या फ्रीझरमध्ये मी पाण्याचा थेंब पाहिलेला नाही. बर्फ कोरडा असतो. त्याने टेप उचलून मापं घेतली. कारागीर चांगला आहे, पण अनुभव नाही.

२१ डिसेंबर, रविवार
आज चाचणी. प्लँटला सुट्टी. वॉचमनला विश्वासात घेऊन चौघं सूट चढवून फ्रीझरमध्ये. आमच्या नियमाप्रमाणे माणसाने आत सलग वीस मिनिटंच राहायचं, म्हणून वीस मिनिटांची परीक्षा.
धाकट्याला सहाव्या मिनिटाला शू लागली. त्याला सात वर्षांचा म्हणून सूट. बायकोने अकराव्या मिनिटाला दारावर धक्के मारायला सुरुवात केली. दार आतून कसं उघडतं हे सांगायचं राहूनच गेलं होतं. थोरली मात्र मटारच्या खोक्यांशेजारी पूर्ण वीस मिनिटं उभी राहिली. बोटं पांढरी झाली, पण केबिनमधल्या हीटरपाशी दहा मिनिटांत लालबुंद.
निष्कर्ष: चाचणी यशस्वी.
बायको म्हणाली की निदान तिला एकटीला तरी नीट हातमोजे घेऊ या. म्हणून मी कागदावर मांडून दाखवलं. उणे अठराला वीस मिनिटं, तर डोंगरावर उणे चारला किती? साधं त्रैराशिक. नव्वद मिनिटं. आणि शून्य अंशाला तर भागच जात नाही, म्हणजे मर्यादाच नाही. बायको कागदाकडे बघत राहिली. पटलं असावं.

५ जानेवारी
मेहुणीने तिच्या मुलीचे जुने हातमोजे पाठवले. लाल, फुगीर, आतून मऊ. बायकोने लगेच बॅगेत टाकले. थोरलीने एकदा घालून पाहिले आणि माझ्याकडे बघून काढून ठेवले.

८ जानेवारी, दुपारी
बॅगा तपासल्या. वजन फार. लाल हातमोजे काढून कपाटावर ठेवले. तसे हलकेच आहेत, पण तत्त्वाचा प्रश्न आहे. एकदा यांची मदत घेतली की जन्मभर ऐकावं लागतं. बायकोला सांगितलं नाही. तिच्या डोक्याला आधीच खूप व्याप.

९ जानेवारी
पोचलो. खोली लहान, खिडकी मोठी. थोरली खिडकीला नाक लावून बसली आहे. जेवायला तीनदा बोलवावं लागलं. तिला इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. हे मी केलं. हे लिहून ठेवायलाच हवं.

१० जानेवारी, सकाळी ९
उणे चार. आमच्याकडे याला ऑफिस म्हणतात.
सूट घालून खाली उतरलो. चौघांच्या पाठीवर ‘लोडिंग’ आणि नंबर छापलेला आहे, हे तिथल्या मोठ्या आरशात पहिल्यांदा नीट दिसलं. एका बाईने तिच्या दोन बॅगा माझ्याजवळ ठेवल्या आणि रूम नंबर सांगितला. गैरसमज दूर करण्यापेक्षा बॅगा पोचवणं सोपं वाटलं. दाराबाहेर एक कुत्रा धाकट्याच्या मागे लागला. चावायला नाही, चाटायला.
स्की शिकवणाऱ्याने कपडे चाचपले आणि विचारलं की हे वॉटरप्रूफ आहेत का. मी याच लाइनमध्ये आहे, असं सांगितलं. तो काही बोलला नाही. व्यावसायिक आदर.

१० जानेवारी, ११.३०, कॅफेच्या बाकावर
थोडं अनपेक्षित. बर्फ ओला होतो. ऊन आहे, आणि पडलं की अंगाखालचा बर्फ विरघळतो. पण याचा अर्थ सूट आतून गरम आहेत. पुरावाच म्हणायचा.
माझा सूट सध्या माझ्याइतकाच जड झाला आहे. धाकटा रडायला लागला, बायको त्याला खोलीवर घेऊन गेली. जाताना थोरलीसाठी लाल हातमोजे शोधत होती. अख्खी बॅग बाकावर उपडी केली. घरी राहिले असतील, मी म्हणालो. म्हणाली की मी स्वतः ठेवले होते. मग थोरलीला आत घेऊन या, असं बजावून गेली.
थोरली पडते, उठते, पडते. पडताना हसते. सतरा वेळा मोजलं. आताच येऊन म्हणाली की बोटं खूप दुखताहेत. हातमोजे जरा ओले होते. पिळून दिले. वेळ बघितली, पन्नास मिनिटंच झाली होती. अजून चाळीस शिल्लक. थोडं थांब, आतून गरम होतील, मग दुखायचं थांबेल, असं सांगितलं.

१० जानेवारी, १२.०५
वारा सुटला आहे. थोरलीला विचारलं. म्हणाली की आता अजिबात दुखत नाही, काहीच वाटत नाही. मी म्हणालो, बघ! सांगितलं होतं ना?
तिला आणखी एकदा वर जायचं होतं. जाऊ दिलं. आज ती पहिल्यांदा न पडता खाली आली. दोन्ही हात वर करून मला दाखवत होती.

१० जानेवारी, संध्याकाळी
हातमोजे निघेनात. कात्रीने कापले. बोटं मेणासारखी. मी चोळली. जोरात चोळली. चोळायचं नसतं, असं इथल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं.
लिहवत नाही.

११ जानेवारी, हॉस्पिटल
वाऱ्याचा अंदाज कोणी दिलाच नव्हता. हे नोंदवलं पाहिजे. नव्वद मिनिटं झालीही नव्हती. शिकवणाऱ्याने स्पष्ट सांगायला हवं होतं. चाचपून गप्प बसला. मुळात तिच्या रक्तवाहिन्यांचा दोष, तो जन्मजात.
डॉक्टर तरुण आहे. त्याने थोरलीला विचारलं की बधिर झालं तेव्हाच आत का नाही आलीस. ती म्हणाली की दुखायचं थांबलं म्हणजे हातमोजे गरम झाले, असं बाबांनी सांगितलं होतं. तक्रार म्हणून नाही, उत्तर म्हणून सांगितलं. डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. बायकोने पाहिलं नाही.
फॉर्म भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय. ‘नोकरी’ एवढंच लिहिलं. कुठे, असं त्याने विचारलं. गोडाउनमध्ये, म्हणालो.

१४ जानेवारी, घरी
बायकोला कपाटावर लाल हातमोजे सापडले. जेवणाच्या टेबलावर आणून ठेवले, माझ्या ताटाच्या जागी. मी उचलायला गेलो तर म्हणाली की राहू द्या. मी स्वयंपाकघरात उभ्याने जेवलो.

१८ जानेवारी
मेहुणी रोज येते. थोरलीच्या केसांना तेल लावते, वेणी घालते, घास भरवते. थोरलीच्या दोन्ही हातांना बँडेज आहे. ‘मी सांगितलं होतं’ असं मेहुणी एकदाही म्हणालेली नाही. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.
साडूचा फोन. काही लागलं तर सांगा, म्हणाला. साधा माणूस आहे. इतकी वर्षं मी त्याला उगीच पाण्यात पाहिलं.

२२ जानेवारी
कामावर गेलो. लोडिंगवाल्यांपैकी एकाने मुलीची चौकशी केली. त्याला विचारलं की आत असताना बोटांत काही वाटेनासं झालं तर तुम्ही काय करता. तो म्हणाला, साहेब, पळत बाहेर येतो. तुमच्याच सहीचा बोर्ड आहे ना दारावर.
जाऊन वाचला. आहे. सही माझीच आहे. दिवसातून दोनदा त्याच दारातून जातो.

३ फेब्रुवारी
तीन आठवडे वाट पाहायला सांगितलं होतं. आठ बोटं वाचली. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं काळी पडली आहेत, ती उद्या काढणार. फार नाही, नखापर्यंत, असं सर्जन म्हणाले. फार नाही, हे शब्द त्यांचे आहेत, माझे नाहीत.
या पानावर लिहायला तीन कारणं मनात तयार होती. वारा, शिवण, आणि तिसरं आता आठवत नाही.
दुपारी बायको औषधं आणायला खाली गेली, तेव्हा मी थोरलीजवळ बसलो. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. गेले तीन आठवडे तेच घोकतोय. तोंड उघडलं आणि रडूच यायला लागलं. तिने बँडेजचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. म्हणाली, बाबा, हातांचं जाऊ द्या, पण त्या दिवशी अंगात मला जराही थंडी वाजली नाही हं. जाकीट एकदम गरम होतं.
ते जाकीट त्या दिवशी खोलीवर आल्या आल्या मी बाथरूममध्ये पिळलं होतं. अर्धी बादली पाणी निघालं. ती समोर स्टुलावर बसून बघत होती.