वरच्या घरातली तीन झाडं

५ जानेवारी
वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या नर्स, आमच्या सिस्टर, आज बहिणीकडे गेल्या. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन, दोन महिने तिकडेच. जाताना घराची चावी आणि तीन झाडं माझ्यावर सोपवली — स्नेक प्लांट, झीझी प्लांट, मनी प्लांट. तिन्ही चिवट, म्हणे, मारूनही मरायची नाहीत. वर चिठ्ठी: पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा पेला. बाकी काही करू नका.
उभा जन्म शाळेच्या प्रयोगशाळेत गेला माझा, आणि मला पाण्याचं माप शिकवतात!

६ जानेवारी
पंधरा दिवस थांबायचं कशाला? अर्धा पेला म्हणजे दीडशे मिली, भागिले पंधरा — रोज दहा मिली. हिशोब चोख! शिवाय रोज वर जाता येईल. आमची ही वारल्यापासून पायात चपला घालायला कारणच उरलं नव्हतं.

११ जानेवारी
एवढ्या कुंडीत दहा मिली म्हणजे दर्यामे खसखस. पन्नास केले. मग तिथेच बसून पेपर वाचला, मोठ्यानं. घरी मोठ्यानं वाचलं की वेड लागल्यासारखं वाटतं. तिथे निदान तिघं असतात.

१९ जानेवारी
गेलो. पाणी. पेपर.

२ फेब्रुवारी
स्नेक प्लांटचं एक पान बुडाशी मऊ पडलंय. तहानलं असेल बिचारं. सगळ्यांना शंभर केले.

९ फेब्रुवारी
मनी प्लांट पिवळा, झीझी आडवा, मातीला कुबट वास. तिन्ही कुंड्या नर्सरीत नेल्या. माळ्यानं मातीत बोट घातलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी अ‍ॅसिडात पाणी ओतणाऱ्या कार्ट्यांकडे बघायचो.
"काका, ही झाडं पाण्यावाचून मरत नाहीत. लाडानं मरतात."
कुजलेली मुळं कापली, कोरडी माती भरली. आता महिनाभर पाणी नाही, हातही लावायचा नाही. कुंड्या जागेवर ठेवून आलो. म्हणजे आता वर काही कामच नाही.

१० फेब्रुवारी
गेलो नाही.

१७ फेब्रुवारी
आज दिवसभरात एकच शब्द बोललो — "नको". दारावर फिनेल विकायला आलेल्या बाईला.
सिस्टर आल्या की चावी परत घेतील. घ्यायलाच हवी. झाडांचं वाईट वाटतं, पण खरं लिहायचं तर चावीचं जास्त वाटतं.

६ मार्च
सिस्टर आल्या. त्यांची बॅग वर नेली आणि दार उघडायच्या आधीच सगळं कबूल करून टाकलं. स्नेक प्लांट आणि झीझी तगलेत. मनी प्लांट गेला. सिस्टरांनी मेलेली वेल कुंडीतून उपसून काढली. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. मी चावी टेबलावर ठेवली आणि निघालो.
त्यांनी ती उचलून माझ्या हातात परत दिली.
"झाडांसाठी नव्हती दिली, भाऊ. एखाद्या सकाळी माझं दार उघडलं नाही, तर कुणाकडे तरी चावी हवी ना?"

७ मार्च
चावीवाल्याकडे गेलो. माझ्या घराची दुसरी चावी करून घेतली आणि वर देऊन आलो.