भोकाला साखर कुठली?

ता. २ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडून परत आले त्याला चार दिवस झाले, पण मी अजून धुमसतेच आहे. फोनवर बोलायची सोय नाही. 'साखर' हा शब्द आला की तुम्हाला ऐकू येईनासं होतं, आणि थंडी किती आहे असं विचारलं की लाईन एकदम स्वच्छ. म्हणून पत्र लिहिते. तुम्हाला अक्षर दिसत नाही, तेव्हा आत्या वाचून दाखवील, आणि ती काही मध्येच तुटत नाही.

ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तुमचं रक्त तपासून आपल्याला परत पाठवलं. दुसरा डोळा आधीच अधू, या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत चालला आहे, आणखी लांबवलं तर तो कडक होईल आणि मग त्या डोळ्याने दिसेलच याची खात्री देता येणार नाही, हे त्यांनी तुमच्यासमोर सांगितलं. त्या वेळी तुम्ही काय करत होतात? त्यांच्या पांढऱ्या कोटाची कॉलर कुठल्या अडाण्याने बसवली आहे, हे माझ्या कानात सांगत होतात.

आणि मग घरी येऊन शिलाई मशीनला तेल घालावं म्हणून मी झाकण उचलते, तर खाली डबा! डब्यात माझ्यासाठी म्हणून दर खेपेला करता तेच साखरेचा लेप दिलेले गोळे! कोंड्याचा ब्रेड करून खा म्हणून ओव्हन मीच घेऊन दिला होता ना? दिवसभर मी औषधांच्या दुकानात उभी राहून लोकांना साखरेच्या गोळ्या देते आणि इकडे माझे वडील साखरेचे गोळे वळतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिसरी तारीख मिळाली आहे, २० मार्च. माझ्या रजेत जी दुकान सांभाळते तिच्याशी बोलताना आता मलाच लाज वाटते. मालकांनी तर या खेपेला तोंडाने हो म्हटलं आणि भुवयांनी नाही. यापुढे रजा मिळणार नाही, बाबा. कृपा करून तेवढे दिवस तोंडावर ताबा ठेवा.

रागावलेली, पण तुमचीच,
मुंगी


ता. ९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अ. आ.

(अक्षर माझं, शब्द तुझ्या बाबांचे. कंसातलं तेवढं माझं. – आत्या)

तुझं पत्र आत्याने मोठ्या चवीने वाचून दाखवलं. मला बोलणी बसणार असली की तिचा आवाज काय खुलतो! (आवाज मुळातच चांगला आहे. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसले ती उगाच नाही.) आता शांतपणे माझी बाजू ऐक.

पहिली गोष्ट. डॉक्टरांनी मला तळलेलं बंद केलं आहे. मी करतो ते भाजलेलं असतं. मैदा, दूध, अंडं, चिमूटभर जायफळ, हे सगळं कालवायचं, गोल खळ्यांच्या साच्यात घालायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. तेलाचा थेंब नाही. (लोणी असतं. त्याबद्दल गप्प आहे.)

दुसरी गोष्ट. तू त्यांना गोळे म्हणतेस. मागच्या वर्षी स्टेशनजवळच्या बेकरीतून हा प्रकार तूच पहिल्यांदा आणलास. दोन स्वतः खाल्लेस आणि माझ्या नाकासमोर डबा बंद केलास. त्या डब्यावर काय लिहिलं होतं ते आत्याने मला वाचून सांगितलं. डोनट होल्स. म्हणजे डोनटची भोकं. आता भोक म्हणजे काय? जे तिथे नाही ते. जी वस्तू मुळात नाहीच, तिच्यात साखर कुठली? (हे मला गंभीर चेहऱ्याने लिहायला सांगतो आहे.)

तसं नाव मला पटलेलं नाही. आम्ही शिंपी कापडातून गळा कापतो तेव्हा मधला गोल तुकडा खाली पडतो. त्या तुकड्याला कोणी गळा म्हणत नाही. गळा कपड्यात राहतो. पण बेकरीवाल्यांचं शहाणपण त्यांच्यापाशी.

वरून जो साखरेचा लेप देतो ते आमच्या भाषेत अस्तर, फक्त बाहेरून लावलेलं. पिठीसाखर दुधात कालवायची, गोळा गरम असतानाच बुडवायचा, जाळीवर ठेवायचा. मशीनवर बसता येत नाही तेव्हापासून हाताला एवढंच काम राहिलं आहे. आणि करतो ते तू येणार म्हणून करतो. तू लहानपणी साखरेच्या बरणीचा वास काढत यायचीस, आणि बरणी काढून घेतली की भोकाड पसरायचीस. म्हणून तर मुंगी नाव पडलं. आता तुझ्यासाठी करायचं म्हटल्यावर चव बघायला नको का? (चव बघण्यात अर्धा डबा जातो.)

तारखेची काळजी करू नकोस. जे व्हायचं ते होईल. जावईबापूंना आणि नातवाला आशीर्वाद.

तुझे बाबा

ता. क. कडू कारलं, तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडूच. या माणसाचं तसंच आहे. – आत्या


ता. १६ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुला. बाबांना वाचता येत नाही याचा मी सरळ सरळ गैरफायदा घेते आहे. त्यांनी विचारलं तर वीज कंपनीचं आहे म्हणून सांग.

रविवारी मी त्यांच्या पद्धतीने ती भोकं करून पाहिली. साखर नेमकी किती लागते ते बघायचं होतं. माझी इतकी टणक झाली की मुलाने एक भिंतीवर मारून पाहिलं आणि भिंतीचा पोपडा पडला. लेप मात्र बरा झाला. वाडगाभर पिठीसाखर लागते, आत्या!

पण मला वेगळीच शंका येते आहे. मी त्यांच्या तपासणीचे जुने कागद काढून बसले. मधल्या तपासण्यांत साखर ठीक आहे. फक्त ऑपरेशनच्या आधी ती आभाळाला टेकते. एखाद्याला परीक्षेच्या दिवशीच ताप येतो तसं. ते ऑपरेशनला घाबरतात का? मला सांगणार नाहीत, तुला तरी सांगतील. तू वरच्याच मजल्यावर राहतेस, तुझे कान अजून एक्स्चेंजमधले आहेत. काय चाललं आहे ते शोधून काढ. तो डोळा गेला तर आपण दोघी स्वतःला माफ करू शकणार नाही.

उत्तराची वाट पाहते. जिन्यावरून जपून उतर.

तुझी भाची


ता. २६ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अ. आ.

शोधून काढलं. वाचताना हातात काही फुटण्यासारखं धरू नकोस.

आधी माझी हकीकत. गेल्या महिन्यात, त्याच्या पोटात जाऊ नयेत म्हणून, सापडतील तेवढी भोकं मीच खात होते. कर्तव्य म्हणून. मग ब्लाउज आवळायला लागला आणि शिवण सैल करून दे म्हणून मी तो त्याच्याकडेच नेला. त्याने नुसती बोटं फिरवली आणि म्हणाला की माझा डबा कोण पळवतं ते आज कळलं. चोराच्या मनात चांदणं! मी तडक वर निघून आले. ब्लाउज मात्र त्याने हातानेच सुरेख करून दिला.

तुझं पत्र आल्यापासून मी रोज सकाळी त्याच्या बोटाचा थेंब त्या छोट्या यंत्रावर घेत होते. साखर शहाण्या मुलासारखी जागेवर. ओव्हन थंड. पिठीसाखरेच्या पुड्याची दोरीसुद्धा सुटलेली नाही. भाजी-भाकरी निमूटपणे जेवतो आहे. मग मी एक खोटा कॉल जोडून दिला. सोमवारी त्याला सांगितलं की डॉक्टरीणबाईंनी तारीख अलीकडे आणली, मुंगी गुरुवारी येते आहे, शुक्रवारी ऑपरेशन.

त्याच संध्याकाळी खालून जायफळाचा वास! मंगळवारी पुन्हा. बुधवारी मी खाली गेले तर तुझा बाप मशीनपाशी बसून एकामागून एक गोळे तोंडात टाकत होता. आवडीने नव्हे गं. औषध घ्यावं तसा. चेहरा वाकडा करून, वर पाणी पिऊन. लेप एका बाजूला थापलेला, दुसरी बाजू उघडी. गुरुवारी सकाळी यंत्रावरचा आकडा बघून मलाच घेरी आली.

मग मी त्याला धारेवर धरलं. आधी तो सुईत दोरा ओवायचं सोंग करत राहिला. सुई कुठे, दोरा कुठे. घाबरतोस का म्हणून विचारलं तर म्हणाला की डोळ्याला कात्री लागायला मी कशाला घाबरू, जन्म कात्रीत गेला. मग हळूहळू बोलला. म्हणाला की परत पाठवलं की मुंगी पुन्हा येते. चार दिवस राहते, रागावते, मशीनला तेल घालते. एकदा ऑपरेशन झालं की डोळा बरा, आणि डोळा बरा की बाप बरा. मग तिला यायला कारण काय उरणार? तिच्या वर्षातून दुकान आपला सदरा कापून घेतं, संसार आपला, मुलाची शाळा आपला. गळ्यातून पडलेला गोल तुकडा तेवढा माझ्या वाट्याला येतो. तो गोड आहे. तो मी का सोडू?

मला रडू आलं आणि त्याच्या पाठीत धपाटा घालावा असंही वाटलं. मी धपाटा घातला. एका डोळ्याच्या मोबदल्यात लेकीचे चार दिवस विकत घेणारा असा महामूर्ख मी दुसरा पाहिला नाही.

तुला सांगणार नाही असं त्याला वचन दिलं आहे. म्हणून सांगितलं नाही, लिहिलं. आता तू बघ.

जावईबापूंना आशीर्वाद. तुझी,
आत्या


ता. ४ मार्च

तीर्थरूप बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

आत्या, हे मोठ्याने वाच, आणि मध्येच त्यांनी चहाचं निमित्त काढलं तर दाराला कडी घाल.

बाबा, मला सगळं कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नका. तुमच्या घरात फक्त एकच माणूस लिहू शकतं.

दोन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. दुकानात एका आजोबांना चुकून खोकल्याच्या औषधाऐवजी केसांचं तेल काढून दिलं. नशीब, त्यांनी बाटली वाचली. सगळ्यांना अक्षर दिसतं असं नाही, बाबा! तुम्ही इतके हुशार, दुसऱ्याच्या शिवणीतला एक टाका चुकला तर तुम्हाला कळतो, आणि लेकीला बोलवायचं तर ही तऱ्हा? नुसतं 'ये' म्हणाला असतात तरी चाललं असतं. 'ये' हे एकच अक्षर आहे. त्याला मैदा लागत नाही, ओव्हन लागत नाही आणि डोळा तर मुळीच लागत नाही.

आता माझा हिशेब उलटा. २० तारखेला साखर वाढलेली निघाली तर मी तुमच्या घराची पायरीसुद्धा चढणार नाही, दवाखान्यातूनच स्टेशन गाठीन. उतरलेली निघाली तर ऑपरेशन होईल, मी राहीन, आणि त्यानंतरही येत राहीन. काही कारण नसताना. डोळा ठणठणीत असताना. रजा नसली तर रात्रीच्या गाडीने येऊन दुसऱ्या दिवशी परत फिरेन, पण येईन. बापाकडे जायला कारण लागतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तुम्हाला कोणी शिकवलं?

पिठीसाखरेचा पुडा आत्याच्या ताब्यात द्या. आत्या, तूही तो खायचा नाहीस.

खूप रागावलेली आणि खूप प्रेम करणारी,
मुंगी


ता. ७ एप्रिल

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद.

हे अक्षर माझं आहे. ओळी सरळ आल्या आहेत ना? आत्या शेजारी बसून मान लांब करते आहे, पण तिला कंस मिळणार नाही असं बजावलं आहे.

डॉक्टरीणबाईंनी काल पुन्हा तपासलं. ऑपरेशन केलेला डोळा छान बरा झाला आहे. कोटाची कॉलर खरोखरच वाकडी आहे, माझं खोटं नव्हतं. मी नीट करून देतो म्हणालो तर हसल्या.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे आत्यासाठी एक घाणा भोकं केली. मी एकही खाल्लं नाही, यंत्राला विचार. पण पहिल्यांदाच धड बघितली. शी! एक मोठं, एक चपटं, लेपाचे ओघळ. आंधळ्या शिंप्याने शिवलेल्या सदऱ्यासारखी. असली तू दर खेपेला खाल्लीस आणि छान झाली म्हणालीस. इतक्या सफाईने खोटं बोलायला तुला औषधांच्या दुकानात शिकवतात का?

आता खरी गोष्ट. पट्टी काढली त्या सकाळी तू खिडकीशी खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होतीस. मी तुला उठवलं नाही, बघत राहिलो. कानाजवळचे केस पांढरे झाले आहेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाय सुजले होते, चपलेचे वळ उमटले होते. आणि कुर्त्याची कड उसवलेली, तिला सेफ्टी पिन लावलेली. माझ्या लेकीच्या कडेला सेफ्टी पिन! किती दिवसांची आहे? मी चार दिवस मिळावेत म्हणून डोळा पणाला लावत होतो, आणि तुला कड दुमडून टाके घालायलाही वेळ नव्हता. दोनदा तुला फुकट पळवलं. त्या पिनेकडे बघून मला माझीच शरम वाटली.

तुझं ते एक अक्षर लिहायचं म्हणून आज कागद घेतला होता. लिहिलंही. मग ती पिन आठवली आणि ते खोडलं. पुढे आहे तो डाग त्याचाच.

आत्याने गाडीची वेळ विचारून ठेवली आहे, ती स्टेशनवर बसवून देईल. डोळ्यात घालायचं औषध, चष्मा आणि सुई-दोरा बरोबर घेतो. घरात जे जे उसवलं असेल ते खुर्चीवर काढून ठेव, जावईबापूंच्या सदऱ्यांसकट. तू दुकानात जा, मी खिडकीशी बसून शिवीन, नातू शाळेतून आला की त्याला दार उघडीन. साखरेचं काही करू नकोस. आत्या सांगत होती ती तुझी टणक भोकं असतील तर एक ठेव, भिंतीवर मारून बघतो.

तुझं अक्षर एक होतं, माझी दोन आहेत.

येतो.

तुझे बाबा