थातोचे आजोबा

कॅम्प, २ जून १९७४

ती. ताईस सेआबाताचा सा. न. वि. वि.

थातोच्या खोड्या वाचून हसून हसून पोट दुखलं. चार वर्षांचं पोर बोकडावर बसतं म्हणजे अगदी तुझ्यावर गेलंय.

माझं शाळेसाठीचं आपल्या भाषेचं व्याकरण निम्म्यावर आलंय. नामांचे गट संपवले. माणसांचा गट वेगळा, झाडांचा वेगळा, वस्तूंचा वेगळा. आणि नाम ज्या गटातलं, त्याच गटाची खूण वाक्यातल्या बाकीच्या शब्दांनी लावायची. बोलताना आपण सहज बोलून जातो, पण समजावून सांगायला बसलं की घाम फुटतो.

आता प्रकरण सुनांच्या बोलीचं. सासऱ्याचं नाव सुनेने तोंडात घ्यायचं नाही आणि त्या नावाशी मिळताजुळता शब्दही टाळायचा, म्हणून आपल्या बायका केवढे नवे शब्द घडवतात! इथे जिल्ह्याच्या गावी, कॅम्पात, मुली ते विसरत चालल्यात. तुझ्याकडचे सगळे लिहून पाठव. आळस करू नकोस. दाजींचं खाणीतून पत्र आलं का? तुझा लोभ आहे तसाच राहू दे.

सेआबाता


हा-मोत्सेको, २४ जून

चि. सेआबातास अनेक आशीर्वाद.

आमचा थातो तुझ्या त्या खुणांमध्ये एकदाही चुकत नाही, आणि तुला घाम फुटतो. मास्तर झालास की नाही! असो. शब्द घे. शेजारणीच्या सासऱ्याचं नाव कुऱ्हाड, म्हणून ती कुऱ्हाडीला ‘तोडणी’ म्हणते. माझं तर तुला ठाऊकच आहे. इथे गुडघाभर ‘पांढरं’ पडलंय, खरा शब्द तू लिही. बाकीचे वेगळ्या कागदावर आहेत, त्रेपन्न भरले.

आता काळजीचं. मामंजींची छाती भरली. घोड्यावरून खाली आणले, पुढे दुकानदाराच्या ट्रकमधून कॅम्पातल्या इस्पितळात नेले. २० तारखेला दाखल केलं. तापाने शुद्ध नव्हती. तुझ्या खोलीला कुलूप, तू परीक्षांवर गेलेला. इथे सासूबाई एकट्या, अंगावरची पोर रडतेय, म्हणून त्याच ट्रकने परत आले आणि मागून घाट बंद झाला. थातोचे बाबा ऑगस्टशिवाय सुटत नाहीत. आल्याबरोबर इस्पितळात जा. आंबील ने, ती पितील. त्यांना तिथे ओळखीचं कुणी नाही रे. तू आहेस म्हणून मला झोप लागते. माया असू दे.

तुझी ताई,
मा-थातो


कॅम्प, ४ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल परतलो आणि तडक आंबील घेऊन इस्पितळात गेलो. पुरुषांच्या खोलीत तापाची साथ आहे म्हणून भेटायला कुणालाच आत सोडत नाहीत. खिडकीवरच्या कारकुनाला नाव सांगितलं, लेहलोआ, बर्फाचा तो शब्द. त्याने वही दोनदा चाळली. या नावाचा माणूस दाखलच नाही म्हणाला. जड आजाऱ्यांना कधीकधी राजधानीत, मासेरूला पाठवतात असं कळलं, म्हणून तिकडे पत्र टाकलंय. उत्तर आलं की कळवतो. घाबरू नकोस, मोठ्या इस्पितळात बरेच होतील.

तुझे त्रेपन्न शब्द वाचून मला रात्री झोप आली नाही. सोनं आहे ताई, सोनं! प्रकरण एका बैठकीत लिहून काढलं. सासूबाईंना नमस्कार. लोभ कमी करू नये.

सेआबाता


हा-मोत्सेको, ११ जुलै

चि. सेआबाता,

आशीर्वाद मागून. दाखल नाहीत म्हणजे काय? मी माझ्या हातांनी त्यांना खाटेवर निजवलं. दारातून तिसरी खाट. घोंगडीला हिरवी कड.

अरे, कारकुनाने मला नाव विचारलं तेव्हा मी काय सांगणार होते? थातोचे आजोबा म्हटलं. तो चिडला, पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. मागे रांग होती. त्याने थातो असं लिहिलं आणि मला जायला सांगितलं. मी मनात म्हटलं, सेआबाता येईल, खरं नाव सांगेल, तो पुरुष आहे, त्याला काही आडवं येत नाही. तुला हे लिहायला हवं होतं असं माझ्या डोक्यातही आलं नाही. तू तर यावरच प्रकरण लिहितोस ना? मग खिडकीपाशी उभं राहून तुला एवढं सुचू नये?

घाट बंद आहे. पत्र घोडेस्वाराबरोबर धाडतेय. वाचशील तसा उठ.

ताई


कॅम्प, १८ जुलै

ती. ताईस,

कसं लिहू कळत नाही. तुझं पत्र १६ ला हातात पडलं आणि पळत गेलो. वहीत थातो होतं. तुझे मामंजी ७ तारखेला गेले. पाच दिवस वाट पाहिली, कुणी आलं नाही, म्हणून १२ ला इस्पितळानेच पुरलं.

३ तारखेला मी त्या खिडकीपाशी होतो, ताई. ते तिसऱ्या खाटेवर होते, जिवंत होते. भिंतीपलीकडे. ती आंबील मी परत घरी आणली आणि स्वतः प्यालो. तू ते नाव घेणार नाहीस हे मला माहीत नसेल तर या देशात कुणाला माहीत असणार? त्याच रात्री तुझ्या शब्दांवर पंधरा पानं लिहिली मी.

खड्डे खणणाऱ्याला गाठलं. त्या दिवशी तिघांना पुरलं. खुणेच्या खुंट्या लोकांनी शेकोटीसाठी उपटून नेल्या. कोणते आपले, त्याला सांगता येईना. त्यांच्याबद्दल बोलताना तो माणसांच्या गटाची खूण लावत नव्हता, वस्तूंच्या गटाची लावत होता. आणि मला कपाळकरंट्याला आधी ते व्याकरणच ऐकू आलं.

वहीतलं नाव तरी दुरुस्त व्हायला हवं, नाहीतर सरकारदरबारी ते मेलेलेच नाहीत. दाखल करणाऱ्यानेच गावप्रमुख मोरेनांपुढे नाव उच्चारून शिक्क्याचा कागद आणावा म्हणतात. तुला हे मागायला जीभ रेटत नाही. प्रकरण मी चुलीत घालतोय. मला माफ कर म्हणायचीही सोय नाही.

सेआबाता


हा-मोत्सेको, १ ऑगस्ट

चि. सेआबातास आशीर्वाद.

कागद सोबत आहे. गावच्या मोरेनांच्या चावडीवर सगळे जमले होते. सासूबाई माझ्याशेजारी बसल्या. मी ते नाव घेतलं. आवाज फुटला नाही म्हणून मोरेनांनी पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा घेतलं. सासूबाईंनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली आणि घरी येईपर्यंत काढली नाही. सहा वर्षं जे जपलं ते चाळीस लोकांसमोर टाकलं. एका कारकुनासमोर टाकलं असतं तर म्हातारा आपल्या माणसाच्या हातून दोन घोट पिऊन गेला असता, आपल्या गोठ्याशेजारी निजला असता. हे मला रोज पहाटे आठवतं. तुझ्यावर रागावले होते. आता तेवढाही जोर नाही.

प्रकरण चुलीत घालू नकोस. बायकांनी घडवलेले शब्द आहेत ते, त्यांनी कुणाला मारलं नाही. मात्र खाली स्पष्ट लिही, की इस्पितळाच्या खिडकीपाशी नाव सांगावं. मुलींना वाचता येतं आता.

थातोचे बाबा १० तारखेच्या शनिवारी कॅम्पात उतरतील. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. बापासाठी नवी घोंगडी घेतली असं मागच्या पत्रात होतं. बसपाशी जाऊन तूच त्यांना गाठ आणि सगळं सांग, माझं चुकलं तेही सांग. त्यांच्या बापाचं नाव त्यांनी माझ्या तोंडून अजून एकदाही ऐकलेलं नाही. पहिल्यांदा ऐकतील ते या बातमीत नको.

लोभ राहिला असेल तर राहू दे.

मा-थातो