पहिलं पाणी

मोर्शी, पौष वद्य षष्ठी, शके १८५९

चिरंजीव सूर्यभान यास सत्यवतीताईचे आशीर्वाद. माय, मी आणि गावातलं माझं सासर खुशाल आहे. तुझी खुशाली तू कळवत नाहीस, म्हणून धरून चालते.

बाबांच्या तेरवीला आलास आणि पानावरून उठून तडक मोटार धरलीस. जाताना म्हणालास, "बगीचा इकून टाका. त्या संत्र्यानं घर खाल्लं." गिऱ्हाईक आलं आहे. माय म्हणते, सूर्यभान म्हणेल तसं. म्हणून हे पत्र. आधी वाच, मग म्हण.

कलकत्त्याला पाठवलेला माल सडला, त्या वर्षी तू बाबांशी भांडून अकोल्याच्या कापसाच्या जिनात नोकरीला गेलास. चुकलास असं मी म्हणणार नाही. मालगाडीचा अख्खा डबा नासला, आणि मागाहून तिथे पोचलेला हा गृहस्थ उरलीसुरली संत्री हावड्याच्या हमालांना वाटून, मायला लाल काठाचं लुगडं आणि मला शंखाच्या बांगड्या घेऊन हसत घरी! "फळ सडलं, पण रस्ता त कयला ना!" तुझं डोकं फिरलं. माझंही फिरलं होतं, पण बांगड्या छान होत्या.

पुढचं तुला ठाऊक नाही. दुसऱ्या वर्षी टोपल्यांत गवत अंथरून ते स्वतः मालाबरोबर गेले आणि सगळा विकून आले. "सूर्यभान असता त त्याले दाखवलं असतं," एवढंच बोलले. नागपूरच्या अडत्यांना पत्रं लिहायला त्यांनी मला अक्षरं शिकवली. तुला पत्र लिही असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत.

आपल्या घरची रीत तुला आठवत असेल. बहारासाठी झाडांचं पाणी तोडून ताण द्यायचा, ती पुरती सुकली की पहिलं पाणी सोडायचं, मग फुलं येतात. आणि घरातल्या प्रत्येकाचा हात फावड्याला लागल्याशिवाय पाट फोडायचा नाही. बाबा मुलखात कुठेही असोत, त्या दिवशी मळ्यात हजर. तू गेल्यावर ते तुझ्या नावाने मायचा हात दोनदा लावायला लागले.

यंदा मात्र झाडांच्या काड्या झाल्या तरी पाणी सोडेनात. नत्थुजीकाका बाबांवर ओरडले, "दादा, झाडं मारता काय?" "थांब रे, अजून ताण बसला नाही." आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचा अंदाज चुकला. जन्म संत्र्यात गेलेल्या माणसाचा अंदाज चुकतो होय? छातीत दुखत होतं, तेही कुणाला सांगितलं नाही. रोज अमरावतीची मोटार यायच्या वेळी बांधावर जाऊन बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "झाडं पाहून राहिलो." तोंड सडकेकडे. गेले तेही तिथेच.

'पोराला बोलवा' असं म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? आणि तू तरी कुणाचा, तोच ताठा! मला तुम्हा दोघांचा राग येतो, आणि लिहिताना रडूही येतं.

तेरवीपर्यंत कुणी पाटाला हात लावला नाही. तू आलेला होतास, तेव्हा माय तुला फावड्याला हात लावायला सांगेल असं मला वाटलं होतं. पण तिने तुला जाऊ दिलं. परवा तिने पदर खोचून फावडं उचललं. तिचा हात लागला, माझा लागला. तिने एकदा सडकेकडे पाहिलं, मग पाट फोडला. म्हणाली, "झाडायनं किती वाट पाहावं?"

माणसांचं काही म्हणाली नाही.

बरीच झाडं वाचतील असं काका म्हणतात. मळा विकायचा तर विकू, पण ते कागदावर लिहून पाठवू नकोस. फुलं आली की ये, आणि मायच्या समोर उभा राहून सांग.

कालपासून मोटारीच्या वेळी ती बांधावर जाऊन बसते. मी विचारलं तर म्हणाली, "झाडं पाहून राहिली."

तुझी ताई,
सत्यवती