तळमजल्यावरची माणसं

बाबा, परवा मी आपल्याच घरात टेप लावून भिंत मोजली. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हा मी हल्ली काय करते ते आधी सांगायला हवं. त्सुनामी आली तर अंधेरीत खाडीलगतच्या कुठल्या गल्लीत किती पाणी चढेल, कुठली इमारत टिकेल, किती माणसं अडकतील, याचा अंदाज आमचं ऑफिस बांधतंय. लाट येणारच असं कुणी म्हणत नाही. आली तर काय, एवढंच. पाण्याचे आकडे कॉम्प्युटर काढतो, पण जोतं किती उंच आणि तळमजल्यावर राहतं कोण, हे दारोदार फिरूनच कळतं. इतके दिवस मी लोकांच्या घरांचं नुकसान शांतपणे लिहीत होते, त्यांच्याकडचा चहासुद्धा पीत होते. मग आपली गल्ली माझ्या वाट्याला आली.

फिरताना तुमची आठवण येतेच. जनगणनेची ड्यूटी लागली की शाळा सुटल्यावर तुम्ही मला बरोबर न्यायचात, माझं अक्षर चांगलं म्हणून. एकदा मला एकटीला चौथ्या मजल्यावर पाठवलंत. मी कंटाळून तिसऱ्यावरूनच परतले आणि ठोकून दिलं, "घर बंद आहे."

"कुलूप पाहिलंस?"

"नाही."

"दार तरी वाजवलंस?"

तुम्ही आवाज चढवला नाहीत, हात धरून मला वर नेलंत आणि दार वाजवलंत. बऱ्याच वेळाने काठी टेकत एक आजोबा आले. उतरताना तुम्ही म्हणालात, "तू बंद लिहिलं असतंस, तर हा माणूस आपल्या देशात नव्हताच गं." मी रडले, पण पकडली गेले म्हणून.

परवा आई दाराजवळच्या खुर्चीत लसूण सोलत बसली होती. तिचे गुडघे तुमच्या वेळेपासूनच कुरकुरतात. म्हणून तर तुम्ही वरची हवेशीर खोली सोडून तळमजल्याची घेतलीत. आल्यागेल्याला ती अजून ते कौतुकाने सांगते. मी नकाशातली पाण्याची पातळी टेपने भिंतीवर धरली, तर ती तुमच्या फोटोच्या हाराला लागली. खाली खुर्ची, खुर्चीत आई, आणि तिच्या डोक्यावर हातभर पाणी. आपली गल्ली नकाशात गडद निळी आहे हे मी महिनाभर बघत होते, आणि त्या निळ्यात आई बसलीय हे माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. इतकी कशी मी आंधळी!

"आई, माझ्याकडे बोरिवलीला चल. लिफ्ट आहे."

"आणि ती बंद पडली काय?" ती हसली. "दर्यो काय पत्तो विचारीत आपल्या घराक येतलो? ह्यांनी माझ्यासाठी घेतलेली खोली ही. मी खंयच जावचंय नाय."

फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना आहे: मदतीशिवाय वर चढू न शकणारी माणसं किती. त्यावरूनच बळींचा अंदाज धरतात, आणि धावून जायची वेळ आली तर आधी कुणाकडे जायचं तेही ठरतं. तिथे फक्त 'एक' लिहायचं होतं. इतरांच्या घरी मी असे कितीतरी आकडे लिहिले होते. इथे पेन हलेना. आई बळींच्या बेरजेत जाणार, माझ्या हाताने, एवढंच मला दिसत होतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारला असतात. कुलूप नव्हतं, बाबा. दार सताड उघडं होतं. आई विचारत होती, "काय गो लिवतंस एवढा?" आणि तिच्यासमोर बसून मी लिहिलं, घर बंद. फॉर्म काल जमा केला.